सात सेकंदांची बरोबरी

15 मार्च 1961 रोजी जिनिव्हाच्या एका बागेतल्या उपाहारगृहात जॅग्वार कंपनीने नव्या गाडीवरचा पडदा बाजूला केला. गाडीचं नाव ई-टाइप. बॉनेट इतकं लांब की चालकाची जागा गाडीच्या मागच्या निम्म्यात गेलेली, काचेच्या आवरणाआड झाकलेले दिवे आणि अंगावर एकही सरळ रेघ नाही. दुसऱ्या दिवशी वाहन प्रदर्शनात गाडीत बसून फेरी मारायला एवढी गर्दी उसळली की एक गाडी पुरेना. कंपनीचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी कव्हेंट्रीला निरोप धाडला, हातातलं काम टाका आणि उघड्या टपाची दुसरी गाडी घेऊन या. कंपनीचे मुख्य चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस संध्याकाळी निघाले, बोटीतून इंग्लिश खाडी ओलांडली आणि रात्रभर गाडी हाणत सकाळी जिनिव्हात पोचले. विश्रांती न घेता त्यांनी लोकांना फेऱ्या मारून आणायला सुरुवात केली.

कारखान्यापासून प्रदर्शनापर्यंत स्वतःच्या चाकांवर, एका रात्रीत, कुठेही न बिघडता पोचलेली ती गाडी हीच कंपनीची सर्वांत मोठी जाहिरात ठरली. त्या काळी एवढ्या वेगाच्या गाड्या इटलीत हाताने बनत, किंवा ॲस्टन मार्टिनसारख्या कारखान्यात थोड्या-थोड्या तयार होत. ॲस्टन मार्टिनच्या डीबी4ला इंग्लंडात सुमारे चार हजार पौंड पडत. करासकट 2,097 पौंडांत मिळणारी ई-टाइप तिच्याहून वेगवान होती.

या प्रकरणात ई-टाइपशेजारी जी गाडी उभी करायची आहे, तिच्यासाठी कुणी रात्रभर प्रवास केला नाही. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन पोलो 2010पासून 2022पर्यंत भारतात विकली जात होती आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराच्या पार्किंगमध्ये ती आजही दिसते. तिचा एक दांडगा भाऊ 2016च्या अखेरीस भारतात आला. तो म्हणजे पोलो जीटीआय. ही चाकणची नव्हे, परदेशातून तयार स्थितीत आयात केलेली, तीन दारांची, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची गाडी. किंमत पंचवीस लाखांच्या पुढे असल्यामुळे ती मोजक्याच लोकांनी घेतली. पण सांगाडा तोच, रूपही थोड्याफार फरकाने तेच. भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला, शनिवारी महाबळेश्वरला जायला घडवलेली गाडी.

आता आकडे पाहू. 1961 साली ब्रिटनमधल्या ‘द मोटर’ या साप्ताहिकाने उघड्या टपाच्या ई-टाइपची चाचणी घेतली. थांबलेल्या स्थितीतून ताशी 60 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 97 किलोमीटरपर्यंत जायला तिला 7.1 सेकंद लागले. पोलो जीटीआयचा ताशी 100 किलोमीटरचा कंपनीने दिलेला आकडा 7.2 सेकंद आहे. आपल्या काळातल्या सर्वांत वेगवान रस्त्यावरच्या गाड्यांपैकी एक आणि पंचावन्न वर्षांनंतरची चार मीटरची हॅचबॅक, यांची पिकअप अशी तंतोतंत जुळते. कमाल वेगातही फार अंतर नाही. ई-टाइपचा ताशी 150 मैलांचा, म्हणजे 241 किलोमीटरचा दावा होता आणि पोलो जीटीआय 233पर्यंत जाते. वजनं दोघींची सव्वा टनाच्या आसपास. आणि ज्या मापाचं मला सर्वाधिक नवल वाटतं ते म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. ई-टाइपचं ते अंतर 2,438 मिलिमीटर आहे आणि पोलोचं 2,470. लांबलचक दिसणाऱ्या त्या गाडीपेक्षा आखूड पोलोची चाकं एकमेकींपासून जास्त दूर आहेत! पोलो दोन-अडीच सेंटिमीटरने रुंदही भरते. ई-टाइपचा लांबपणा आहे तो चाकांच्या पुढे आणि मागे निघालेल्या अंगाचा, आणि बॉनेटखाली लांबीच्या दिशेने बसवलेल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा. पोलोने इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याला चिकटवला, पुढचीच चाकं फिरवली आणि वाचलेली सगळी जागा माणसांना दिली.

त्या इंजिनांपाशी थोडं थांबायला हवं, कारण बरोबरीचं खरं रहस्य तिथे आहे. ई-टाइपचं इंजिन 3,781 सीसीचं, पोलोचं 1,798 सीसीचं. निम्म्याहूनही लहान. ई-टाइपची ताकद जॅग्वारने 265 अश्वशक्ती सांगितली, पोलोची 192 आहे. मग वजन सारखं असताना 73 घोडे कमी असलेली गाडी बरोबरीला कशी येते?

पहिलं उत्तर मोजणीत आहे. त्या काळी ताकद मोजताना इंजिन गाडीतून काढून बाकावर बसवत. त्याला डायनॅमो नाही, पंखा नाही, एअर फिल्टरचा अडसर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. अशा मोकळ्या इंजिनाने दिलेला आकडा जाहिरातीत छापला जाई. गाडीत बसवल्यावर ही सगळी ओझी त्याच इंजिनाला वाहावी लागत. आजच्या पद्धतीने मोजलं तर ई-टाइपची ताकद दोनशेच्या थोडीच वर भरेल, असं जाणकार धरतात. पोलोचे 192 मात्र सगळी ओझी अंगावर घेऊन दिलेले आहेत. त्या काळातल्या कोणत्याही गाडीचा आकडा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, नाहीतर जुन्या गाड्या आजच्या गाड्यांना सहज मागे टाकतील असा चुकीचा समज होतो.

दुसरं उत्तर हवेत आहे. इंजिनाची ताकद शेवटी ते किती हवा आत घेऊ शकतं यावर ठरते, कारण पेट्रोल जाळायला हवेतला प्राणवायू लागतो. जॅग्वारचं एक्सके इंजिन पिस्टन खाली जाताना तयार होणाऱ्या पोकळीने हवा ओढून घेई. ती जास्तीत जास्त यावी म्हणून त्याला तीन कार्ब्युरेटर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि मोठी व्हॉल्व्ह दिली होती. याहून जास्त हवा हवी असेल तर सिलिंडर मोठा करणं हाच सरळ मार्ग होता, आणि 1964 साली कंपनीने इंजिन 4.2 लिटरचं करून तोच धरला. पोलोतला टर्बो बाहेर टाकलेल्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवतो, ते चक्र दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. लहान सिलिंडरात मोठ्या सिलिंडराएवढी हवा मावते.

पण हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या दाट मिश्रणात पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटण्याचा धोका असतो. इंजिनाचं ते ‘नॉकिंग’ पिस्टनला भोक पाडू शकतं. टर्बो 1961 सालीही ठाऊक होता, विमानांत तर तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून वापरात होता. मोटारीत तो सुखाने नांदवायला दुसरंच काहीतरी हवं होतं. पोलोत हवा इंटरकूलरमधून थंड होऊन येते, पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं आणि त्या फवाऱ्याने आतली हवा आणखी निवते. इंजिनाच्या अंगाला चिकटलेला संवेदक नॉकिंगची सुरुवात ऐकतो आणि संगणक पुढची ठिणगी किंचित उशिरा टाकतो. म्हणजे इंजिनाला स्वतःच्या काठावर सुरक्षित चालता येतं. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर यांना हे काम जमणारं नव्हतं, कारण त्यांना इंजिनात काय चाललंय ते कळतच नसे.

यातून आणखी एक फायदा झाला आणि गाडी चालवताना तोच जास्त जाणवतो. ई-टाइपचा टॉर्क मिनिटाला चार हजार फेऱ्यांना शिखर गाठत असे. पोलो जीटीआयचा पूर्ण टॉर्क साधारण 1,250 फेऱ्यांपासूनच हजर असतो आणि पाच हजारांच्या पुढेपर्यंत तसाच राहतो. खंबाटकीच्या चढावर ट्रकमागून बाहेर पडायचं असेल तर हा सपाट टॉर्क कागदावरच्या घोड्यांपेक्षा मोलाचा. शिवाय सात गिअर आणि दोन क्लच. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तिसऱ्यात धावत असताना चौथा आधीच जोडून ठेवलेला असतो, त्यामुळे बदलताना ताकदीचा ओघ तुटत नाही. ई-टाइपच्या सुरुवातीच्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेशच नव्हतं आणि बाकीचे तीन गिअरही घाई सोसत नसत. दांडा वेळ घेऊन, हात जुळवून टाकावा लागे. 1964 साली तो बदलला तेव्हा मालकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, यात मला शंका नाही.

रूपाकडे वळू. ई-टाइपची रेषा आखणारे माल्कम सेयर मुळात विमानाच्या कारखान्यातले. ब्रिस्टल कंपनीतून जॅग्वारला आल्यावर त्यांनी सी-टाइप आणि डी-टाइप या शर्यतीच्या गाड्यांचं अंग आखलं. डी-टाइपने 1955, 56 आणि 57 अशी सलग तीन वर्षं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. सेयर आधी हाताने चित्र काढून मग ते गाडीवर चढवत नसत. वक्रांची समीकरणं मांडत, लॉग टेबल आणि स्लाइड रूल घेऊन बिंदूंचे आकडे काढत आणि त्या आकड्यांवरून पत्रा घडवला जाई. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1996 साली एक ई-टाइप आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. गणिताने घडवलेलं सौंदर्य कलासंग्रहालयात जाऊन बसावं, ही मला त्या गाडीच्या इतिहासातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

आणि तरीही हवा कापण्यात पोलो तिच्यापेक्षा सरस आहे. हवेचा अडथळा मोजणारा गुणांक ई-टाइपसाठी 0.44च्या आसपास सांगतात, पोलोसाठी तो 0.32च्या आसपास आहे. डोळ्यांना हे पटत नाही. पण डोळे वरचं अंग पाहतात आणि हवा खालूनही वाहते, चाकांभोवतीही फिरते, रेडिएटरच्या तोंडातूनही आत शिरते. ई-टाइपची तारांची चाकं हवा घुसळत, बॉनेटच्या तोंडातून आत गेलेली हवा इंजिनाभोवती अडकत कशीबशी बाहेर पडे, गाडीच्या पोटाखाली सगळं उघडं. पोलोत काच पत्र्याशी सपाट बसते, टपाची मागची कड नेमकी तुटलेली असते आणि आरशाचा आकारसुद्धा पवनबोगद्यात तासला जातो. ई-टाइपचा बचाव तिच्या ठेंगणेपणाने केला. जमिनीपासून सव्वा मीटरही उंच नसल्यामुळे हवेला सामोरं जाणारं अंगच लहान होतं. पोलो तिच्याहून वीतभर उंच आहे, कारण तिच्यात चार माणसांनी ताठ बसायचं आहे.

पेट्रोलचा हिशोब झटकन संपतो. ‘मोटर’च्या चाचणीत ई-टाइपने लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास ॲव्हरेज दिलं. पोलो जीटीआयचा दावा सोळाच्या आसपास आहे आणि शहराच्या गर्दीत तो बराच खाली येतो. ई-टाइपच्या धुरात शिसं होतं, आणि त्यातले विषारी वायू निरुपद्रवी करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हतं. जुन्या गाड्यांवर प्रेम करतानाही ही गोष्ट विसरता येत नाही.

आता वेगाच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे थांबण्याकडे. चारही चाकांना डिस्क ब्रेक हे ई-टाइपचं भूषण होतं आणि ते जॅग्वारने शर्यतीत कमावलं होतं. 1953 साली डिस्क ब्रेक लावलेल्या सी-टाइपने ल मान्स जिंकलं, तेव्हा बाकीच्या गाड्यांचे ड्रम ब्रेक तापून ढिले पडत होते. ड्यूइस यांनी डनलॉपबरोबर या ब्रेकच्या असंख्य चाचण्या केल्या होत्या. पण ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवायचं काम टायरचं. ई-टाइपला आडव्या-तिरप्या धाग्यांचे, म्हणजे क्रॉसप्लाय टायर होते. वळणावर गाडी कलली की त्यांचा जमिनीवरचा ठसा वाकडा होई आणि पकड अचानक सुटे. पुढे रेडियल टायर सर्रास झाले. त्यांची कड लवचीक आणि तळवा घट्ट पट्ट्यांनी बांधलेला असल्याने तो जमिनीला धरून राहतो. मोटारीच्या इतिहासात टायरचं श्रेय नेहमी मागे राहतं. माझ्या मते सात सेकंदांची पोलो कुणाच्याही हाती देता येते, याचं निम्मं श्रेय तिच्या टायरांना आहे.

उरलेलं श्रेय संगणकाला. ओल्या रस्त्यावर ई-टाइपचा ब्रेक जोरात दाबला तर चाकं जखडून गाडी सरळ घसरत जाई, स्टिअरिंग कितीही फिरवा. चाक जखडण्याच्या काठावर पाय किंचित सैल करून पुन्हा दाबायचा, ही कला चालकाला यावी लागे. बॉशची एबीएस यंत्रणा 1978 साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. हेच काम ती सेकंदाला अनेकदा आणि प्रत्येक चाकासाठी वेगळं करते. 1995 साली आलेल्या ईएसपीने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. गाडी वळण सोडून गिरकी घेऊ लागली की ती एकाच चाकाचा ब्रेक लावून तिला पुन्हा वळणावर आणते. एका चाकाचा ब्रेक लावणं हे जगातल्या कोणत्याही चालकाला, अगदी ड्यूइस यांनाही, शक्य नव्हतं. पायाखाली एकच पेडल असतं.

म्हणून मला वाटतं की सात सेकंदांची बरोबरी हा या तुलनेतला वरवरचा भाग आहे. 1961 साली तेवढ्या वेगासाठी चालकाला बरंच काही शिकावं लागे. इंजिन गार असताना चोक किती ओढायचा, पहिला गिअर कधी टाकायचा, ओल्या वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर मागचं अंग कसं बाहेर येतं. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडा लाकडी चक्रातून तळहाताला कळे आणि पकड सुटायच्या आधी हाताला इशारा मिळे. ते ज्ञान माणसाच्या अंगात होतं. आता त्यातलं बहुतेक संवेदकांत आणि तारांत गेलं आहे. पोलो चालकाला फार काही सांगत नाही, पण तो चुकला तर सावरून घेते. कसलेल्या चालकाला यात काहीतरी गमावल्यासारखं वाटतं आणि ती हळहळ खरी आहे. तरीसुद्धा पावसाळ्यातल्या मुंबई-गोवा महामार्गावर समोरून येणाऱ्या गाडीचा चालक कसलेला असेल यावर मी विसंबणार नाही. त्याच्या गाडीत ईएसपी आहे का, एवढंच मला हवं आहे.

अपघात झालाच तर काय, याचं उत्तर आणखी कठोर आहे. ई-टाइपच्या पहिल्या गाड्यांत सीटबेल्ट लावून येत नसे. समोर लाकडी स्टिअरिंग, डॅशबोर्डवर टोकदार स्विचांची रांग आणि छातीच्या रेषेत ताठ स्टिअरिंग कॉलम. अमेरिकेतले सुरक्षेचे नियम कडक झाल्यावर 1968च्या सुमारास ते स्विच चपटे झाले आणि दिव्यांवरची सुंदर काचही गेली. नियमांनी गाडी कुरूप केली, असं जॅग्वारचे चाहते आजही म्हणतात. त्यांचं दुःख समजू शकतं, पण नियम बरोबर होते.

पोलोच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती आपल्या घरची आहे. जानेवारी 2014मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. त्यात एअरबॅग नसलेली पोलोही होती. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पोलोचा सांगाडा टिकला होता, पण आतल्या पुतळ्याचं डोकं आणि छाती सावरायला काहीच नव्हतं. दोन एअरबॅगची तीच पोलो तपासली तेव्हा प्रौढांच्या संरक्षणासाठी तिला चार तारे मिळाले आणि कंपनीने एअरबॅग नसलेली गाडी विकणं थांबवलं. म्हणजे जगाकडे सुरक्षिततेचं ज्ञान दशकांपूर्वीच आलेलं होतं, सांगाडाही चांगला होता, आणि तरी आपल्या बाजारात चालकासमोर ती पिशवी बसवली जात नव्हती. ई-टाइपच्या काळात त्या माणसांना हे ज्ञान नव्हतं, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. 2014 साली तशी सबब उरली नव्हती. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती जुलै 2019पासून.

या दोन गाड्यांचे वारसे आज एकाच जिल्ह्यात येऊन टेकले आहेत. जॅग्वार 2008 साली टाटा मोटर्सच्या मालकीची झाली आणि 2011पासून जॅग्वार लँड रोव्हरच्या गाड्यांची जुळणी पुण्यात सुरू झाली. चाकण तिथून फार लांब नाही. कव्हेंट्रीत कंपनीचा एक विभाग जुन्या ई-टाइप सुट्या करून, नव्या भागांनी पुन्हा उभ्या करून विकतो. हे शक्य होतं कारण त्या गाडीत असं काहीही नाही जे लेथ, वेल्डिंग आणि कसलेला हात यांनी पुन्हा घडवता येत नाही. कार्ब्युरेटर कानाने जुळवता येतो, पॉइंटमधलं अंतर पातळ पट्टीने मोजता येतं.

भारताच्या 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. ई-टाइपची शेवटची मालिका 1974 साली संपली, म्हणजे ती सगळी या रांगेत येऊन उभी आहे. चाकणच्या पहिल्या पोलोची पाळी 2060 साली येईल. तिचा पत्रा तोवर टिकेल, इंजिनही बहुधा टिकेल. प्रश्न आहे तो इंजिनाशी बोलणाऱ्या संगणकाचा, त्यातल्या प्रोग्रामचा आणि एबीएसच्या डब्याचा. ते भाग बनवणं केव्हाच थांबलेलं असेल आणि त्यांची नक्कल लेथवर काढता येत नाही. ज्याला आपली पोलो तोवर सांभाळायची असेल, त्याने पत्र्याच्या गंजाआधी या डब्यांची सोय पाहावी. एक जास्तीचं कंट्रोल युनिट, त्यातल्या प्रोग्रामची प्रत आणि ती वाचणारा स्कॅनर आज मिळतो आहे, तोवर घेऊन ठेवावा.